नद्यांच्या लांबीचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परीक्षेच्या तयारीसाठी तुम्ही जगातल्या मोठ्या नद्यांचा तक्ता करायला घेतलात आणि जितकी पुस्तकं उघडलीत तितके आकडे निघाले. नाईल एकीकडे ६,६५० किमी, दुसरीकडे ६,६९५. अ‍ॅमेझॉन कुठे ६,४००, तर कुठे थेट ६,९९२, म्हणजे नाईलच्याही पुढे. मिसिसिपी एका पुस्तकात ३,७६६ आणि दुसऱ्यात ६,२७५. यातला खरा आकडा कुठला, नाईल मोठी की अ‍ॅमेझॉन, आणि ब्रह्मपुत्रेसमोर २,९०० लिहायचे की ३,८४८, असं तुम्ही विचारलंय.

माझी तीसेक वर्षं नकाशांच्या कामात गेली. आधी टेबलावर शाईने, नंतर संगणकावर. शाळांच्या नकाशासंग्रहांसाठी असले तक्ते केले, खोऱ्यांच्या अभ्यासासाठी नद्या प्रत्यक्ष मोजल्या. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही दिलेल्या आकड्यांपैकी बहुतेक बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी चार गोष्टी ठरवलेल्या असतात. नदी कुठे सुरू झाली, संगमावर कुठला फाटा मुख्य धरला, ती कुठे संपली आणि किती बारकाईने मोजली. तक्त्यात हे कधीच छापत नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एका रांगेत येऊन बसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चुकलंय.

हे मला कळलं ते स्वतःच्या चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत एका नकाशासंग्रहासाठी तक्ता करताना मी नाईलचा आकडा एका संदर्भातून घेतला, मिसिसिपीचा दुसऱ्यातून. एकात मिसिसिपी एकटी होती, दुसऱ्यात मिसूरीसकट. नद्यांचा क्रमच बदलला आणि तो तसाच छापून गेला. एका शिक्षकांचं पत्र आलं तेव्हा कळलं. त्यांचा विद्यार्थी वर्गात उभा राहून विचारत होता, की मागच्या वर्षी चौथी असलेली नदी यंदा यादीतून गेली कुठे? तेव्हापासून शेजारी टीप नसेल तर मी कुठल्याही नदीचा आकडा उचलत नाही.

मोजण्यापासून सुरुवात करू, कारण तो भाग सगळ्यात सोपा वाटतो आणि तसा तो नाही. कागदावर एक वळण काढा, अगदी अर्धवर्तुळ, दोन टोकांमधलं सरळ अंतर २ किमी. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या तपशीलवार नकाशावर, हे अंतर ४ सेंमी भरतं. डिव्हायडर ४ सेंमी उघडून ठेवला तर एका पावलात वळण संपलं, लांबी २ किमी. तोच डिव्हायडर २ सेंमीवर आणला तर तीन पावलं पडतात, लांबी ३ किमी. ओला धागा रेषेवर नीट बसवून मोजला तर ३.१४ किमीच्या जवळ जाता. नदी तीच, नकाशा तोच, मोजणारा माणूसही तोच. आता हेच वळण जगाच्या नकाशावर शोधा. तिथे ते दिसणारच नाही. आम्ही नकाशे काढणारेच ते पुसतो, कारण त्या प्रमाणावर ते दाखवलं तर रेषेचा नुसता गोळा होतो.

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने देशांच्या सीमांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली एकच सीमा एका नोंदीत ९८७ किमी होती आणि दुसऱ्या नोंदीत १,२१४. मोजपट्टी जितकी लहान तितकी लांबी वाढत जाते. नदीला हे जास्तच लागू पडतं, कारण सपाट प्रदेशात आली की ती नागमोडीच चालते. उपग्रहचित्रांनी हा प्रश्न सुटला असं पुष्कळांना वाटतं. चित्रं आल्यावर काम सोपं झालं हे खरं, पण तिथेही रेष काठाने ओढायची, मधोमध ओढायची की पात्रातल्या सगळ्यात खोल भागातून, हे ठरवावं लागतं. लँडसॅट या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका ३० मीटरचा असतो आणि उगमाजवळचा ओढा पाच मीटरचाही नसतो, म्हणजे तो चित्रात धड दिसतच नाही.

तरीही मोजण्याच्या पद्धतीमुळे पडणारा फरक बहुतेक वेळा शेकडा काही टक्क्यांत राहतो. आकडा दुप्पट होतो, तो नावामुळे. खरं पाहता तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

मिसिसिपी घ्या. मिनेसोटा राज्यातल्या इटास्का सरोवरातून ती निघते. तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेत 'मिसि-झीबी' म्हणजे मोठी नदी, त्यावरून हे नाव. सेंट लुईस शहराच्या वर तिला मिसूरी मिळते. त्या संगमावर उभं राहून मागे वळून पाहा. मिसूरी ३,७०० किमीहून जास्त अंतर कापून आलेली असते आणि मिसिसिपी जेमतेम त्याच्या निम्मं. तरी पुढच्या नदीला नाव मिसिसिपीचंच राहतं. कारण वाटेत शोधा. मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी १६७३ मध्ये मिसिसिपीतूनच खाली आले. वाटेत बाजूने गढूळ पाण्याचा एक प्रचंड लोंढा येऊन मिळताना त्यांना दिसला. ज्या नदीतून ते चालले होते ती मुख्य झाली, बाजूने आलेली उपनदी ठरली. पुढे कायरो गावाजवळ ओहायो मिळते, तिथे तर ओहायोचं पाणी मिसिसिपीपेक्षा जास्त असतं. म्हणजे लांबी पाहिली तर मिसूरी मुख्य, पाणी पाहिलं तर ओहायो, आणि नाव तिसरीचंच.

तुमच्या पहिल्या पुस्तकाने मिसिसिपी हे नाव जिथून जिथपर्यंत आहे तेवढंच मोजलं, म्हणून ३,७६६. दुसऱ्याने समुद्रापासून उलटं निघून प्रत्येक संगमावर लांबचा फाटा धरला आणि मिसूरी, जेफरसन करत रॉकी पर्वतात पोहोचला, म्हणून ६,२७५. पहिल्याने एका नावाची लांबी दिली, दुसऱ्याने एका जलमार्गाची. दोन्ही गोष्टींना आपण 'नदी' हाच शब्द वापरतो, तिथे घोटाळा होतो.

असाच घोटाळा आपल्या दारातही आहे. मी सोलापूर जिल्ह्यातला, भीमेकाठचा. रायचूरच्या उत्तरेला भीमा कृष्णेला मिळते. भीमेची लांबी ८६१ किमी. कृष्णा एकूण १,४०० किमी, त्यातले ३०५ महाराष्ट्रात, ४८३ कर्नाटकात आणि उरलेले ६१२ तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात, असा हिशेब सर्वसाधारणपणे देतात. भीमेचा संगम कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेवरचा. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून कृष्णेचे ७८८ किमी होतात. म्हणजे संगमाला येईपर्यंत उपनदी म्हणवली जाणारी भीमाच जास्त चाललेली असते. मिसूरीला लावला तो नियम इथे लावला तर 'कृष्णा-भीमा' अशी जोडनदी करावी लागेल, आणि ८६१ अधिक ६१२ म्हणजे तिची लांबी गोदावरीच्या १,४६५ किमीला भिडेल. असं कुणी करत नाही, करावं असं माझंही म्हणणं नाही. महाबळेश्वरला उगम पावते ती कृष्णा, हे लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी ठरवलं आणि भूगोलाने ते मान्य केलं. पण मिसिसिपीसमोर ६,२७५ लिहायचे आणि कृष्णेसमोर १,४००, असं एकाच तक्त्यात करताना आपण दोन वेगळ्या मापांनी मोजतोय, एवढं माहीत असावं.

नावाचा आणखी एक प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. नदी मोठी झाल्यावर नवं नाव घेते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. नावापुरती मोजली तर पंचगंगा सुमारे ८० किमीची. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सव्वाशे किमीसुद्धा नाही. वैनगंगेपासून धरली तर तीच सातशेच्या घरात जाते. उलट, पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणतात, कारण तिथे तिचं पात्र चंद्रकोरीसारखं वळतं. ही वेगळी नदी नव्हे, हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असतं. परदेशी नकाशा पाहणाऱ्याला मात्र कसं कळणार? आपणही जगाच्या नकाशासमोर असेच परके असतो.

अ‍ॅमेझॉन हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. पेरूमध्ये तिला वरच्या अंगाला अपुरिमाक म्हणतात. केचुआ भाषेतलं हे नाव, 'बोलणारा देव' अशा अर्थाचं, आणि दरीतून गर्जत येणारं पाणी ऐकलं की ते पटतं. पुढे एने, तांबो, मग उकायाली. उकायालीला मारान्योन मिळाली की अ‍ॅमेझॉन. पण ब्राझीलच्या हद्दीत शिरली की तिथले लोक तिला सोलिमोएस म्हणतात. मानाउसजवळ निग्रो नदीचं काळं पाणी येऊन मिळतं, दोन रंगांचे प्रवाह काही किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, आणि तिथून खाली ब्राझीलच्या दृष्टीने अ‍ॅमेझॉन सुरू होते. नाव पडलं ते फ्रान्सिस्को दे ओरेयाना या स्पॅनिश माणसाच्या १५४१-४२ च्या सफरीवरून. वाटेत लढणाऱ्या बायकांशी गाठ पडल्याचं त्या सफरीच्या वृत्तांतात होतं, आणि ग्रीक कथांमधल्या लढवय्या स्त्रियांचं नाव नदीला चिकटलं.

यांगत्सेचीही तीच तऱ्हा. चिनी लोक तिला छांग च्यांग म्हणतात, म्हणजे सरळ 'लांब नदी'. यांगत्से हे मूळचं तिच्या खालच्या टप्प्याचं, यांगचौ शहराजवळचं नाव. परदेशी लोकांनी ते आधी ऐकलं आणि सगळ्या नदीला लावून टाकलं. वर ती च्यिनशा, म्हणजे सोनेरी वाळूची नदी, त्याच्या वर थोंगथ्येन, अगदी वर थुओथुओ. चीनमध्ये कित्येक शतकं मिन ही नदी तिचा मुख्य प्रवाह मानली जात होती. सतराव्या शतकात श्यू श्याक नावाच्या प्रवाशाने पायी फिरून च्यिनशाच मुख्य आहे असं लिहिलं. १९७० च्या दशकात तिबेटच्या पठारावर गेलेल्या चिनी मोहिमेने थुओथुओचा उगम निश्चित केला आणि ५,८०० असलेला आकडा ६,३०० झाला. जुन्या पुस्तकात तुम्हाला ५,८०० सापडला तर त्या पुस्तकाला नावं ठेवू नका. ते लिहिलं तेव्हा नदीचा वरचा भाग हिशेबातच नव्हता.

आता नाईल. व्हाईट नाईल आणि ब्लू नाईल खार्टूमला मिळतात हे तुम्हाला पाठ असेल. जॉन हॅनिंग स्पीक हा इंग्रज प्रवासी १८५८ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापाशी पोहोचला आणि हाच नाईलचा उगम असं त्याने जाहीर केलं. सरोवराच्या उत्तरेला जिंजा इथे नदी बाहेर पडते, तिथून मोजली तर आकडा हजारभर किमीने कमी भरतो. पण सरोवराला पश्चिमेकडून कागेरा नदी मिळते. कागेराला एकीकडून रवांडातली न्याबारोंगो मिळते, दुसरीकडून बुरुंडीतली रुवुबू. दोन्ही देश उगम आपलाच म्हणतात. बुरुंडीत तर उगमाच्या जागी दगडी पिरॅमिड उभारलाय, थेट इजिप्तशी नातं सांगणारा. रवांडावाले न्युंग्वेच्या जंगलाकडे बोट दाखवतात. ६,६५० आणि ६,६९५ असे जवळपासचे आकडे येतात ते उगम कुठला धरला आणि रेष किती बारकाईने ओढली यावरून. त्यात भर म्हणजे कागेराच्या मुखापासून जिंजापर्यंतचं सरोवरातलं अंतर. पाणी तिथे पसरलेलं असतं, पात्र नसतंच, तरी आम्ही नकाशावर एक कल्पित रेष ओढून ते अंतर नदीत धरतो.

पण मला नाईलबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. इजिप्तमध्ये आस्वानला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरांवरून येतं, त्यातलं बहुतेक ब्लू नाईलमधून. इथिओपियात तिला अबाय म्हणतात. पाणी हा निकष लावला तर ब्लू नाईल मुख्य नदी ठरेल, आणि तिच्या वाटेने मोजलेली नाईल साडेचार हजार किमीच्या आसपास भरेल. जगातली सगळ्यात लांब नदी एका निकषाने यादीत पार खाली उतरते. प्राचीन इजिप्तच्या लोकांना ही अडचण नव्हती. ते तिला 'इतेरू' म्हणत, म्हणजे फक्त 'नदी'. ज्यांना एकच नदी माहीत असते ते तिला वेगळं नाव देत नाहीत. आपल्या सिंधूचाही अर्थ मुळात नदी असाच, आणि नाशिकचा माणूस गोदावरीवर जाताना 'गंगेवर जातो' म्हणतो, ते याच वृत्तीतून.

बाकीच्या काही नद्या झपाट्याने सांगतो, तक्त्यात उपयोगी पडतील. रशियातली इर्तिश ४,२४८ किमी आणि ती जिला मिळते ती ओब ३,६५०, म्हणजे इथेही उपनदीच लांब. जोडून मोजल्या की ५,४१०. येनिसेईचा ५,५३९ हा आकडा अंगारा, सेलेंगा आणि इदेर या वरच्या नद्या धरून, मंगोलियापर्यंत नेलेला असतो. काँगोच्या वरच्या भागाला लुआलाबा म्हणतात. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंगस्टन या प्रवाशाला ती नाईलचाच वरचा भाग वाटत होती. स्टॅन्ली या दुसऱ्या प्रवाशाने १८७६-७७ मध्ये तिच्यातून खाली जाऊन ती अटलांटिकला मिळते हे दाखवलं. एका नावाचा संशय मिटला आणि जगातल्या दोन मोठ्या नद्यांच्या लांब्या एकदम बदलल्या.

नदी संपते कुठे, हा प्रश्न बहुतेक लोकांच्या मनातही येत नाही. गंगेचे आपल्याकडचे २,५२५ किमी हे भागीरथी-हुगळीच्या वाटेने, बंगालच्या उपसागरापर्यंत मोजलेले आहेत. गंगेचं जास्त पाणी मात्र पद्मा या नावाने बांगलादेशात जातं. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी माराजो नावाचं प्रचंड बेट आहे. मुख्य प्रवाह त्याच्या उत्तरेने समुद्राला मिळतो. दक्षिणेकडून भरती-ओहोटीच्या अरुंद वाटा पारा नदीच्या खाडीत उतरतात. ब्राझीलच्या राष्ट्रीय अंतराळ संशोधन संस्थेने अ‍ॅमेझॉनचे ६,९९२ किमी मोजले ते उगम दक्षिण पेरूतल्या अँडीज पर्वतात, मिस्मी शिखराच्या परिसरात धरून, आणि मुख दक्षिणेकडच्या पारा खाडीतून धरून. पारा ही अ‍ॅमेझॉनचा भाग मानावी की टोकांटिन्स या शेजारच्या नदीची खाडी, यावर मतभेद आहेत. तो शेवटचा टप्पा धरला तर अ‍ॅमेझॉन पुढे जाते, सोडला तर मागे येते.

या मोजणीबद्दल एक गोष्ट मी मनापासून मानतो. त्या संस्थेने फक्त अ‍ॅमेझॉन मोजून ती नाईलच्या जुन्या आकड्याशेजारी ठेवली नाही. तीच पद्धत वापरून नाईलही पुन्हा मोजली, आणि नाईलसुद्धा ६,८५२ किमी निघाली, म्हणजे पुस्तकातल्या ६,६५० पेक्षा दोनशे जास्त. मुखाबद्दलचा त्यांचा निर्णय मला पटत नाही, पण दोन्ही नद्यांना एकच मोजपट्टी लावली हे बरोबर केलं. तुमच्या तक्त्यात ६,९९२ आणि ६,६५० शेजारी बसलेत, तशी तुलना मात्र करू नका. ६,९९२ घ्यायचे असतील तर शेजारी ६,८५२ च घ्या.

उगमाचा वाद तरी संपलाय म्हणावं तर तेही नाही. २०१४ मध्ये काही संशोधकांनी मांतारो ही नदी अपुरिमाकपेक्षा लांब असल्याचं मांडलं. त्यावर आक्षेप असा, की मांतारो धरणामुळे वर्षातले काही महिने एका भागात कोरडी पडते. बारमाही वाहणारा सगळ्यात लांबचा ओढा म्हणजे उगम, अशी व्याख्या केली तर एक उत्तर येतं. पावसाळ्यात तरी वाहणारा ओढा चालेल म्हटलं तर दुसरं. आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि नदी स्वतःही थांबून राहत नाही. मिसिसिपीवर बोटींची वाट सरळ व्हावी आणि पूर लवकर ओसरावा म्हणून १९३० आणि १९४० च्या दशकांत तिथल्या लष्करी अभियंत्यांनी मोठमोठी वळणं तोडली. खालच्या भागात नदी सुमारे २४० किमीने आखूड झाली. तुटलेल्या वळणांची कुंडलकासार सरोवरं नकाशावर आजही चंद्रकोरींसारखी पडलेली दिसतात. त्यामुळेच एकाच देशातल्या संस्थांचं एकमत नाही. इटास्का उद्यानाचा आकडा ४,१०७ किमी, तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ३,७०१. फरक चारशे किमीचा. आस्वानच्या धरणामागे नासर सरोवर पसरलं, त्यात नाईलची वळणं बुडाली. तिथे आता जुन्या पात्राने मोजायचं की जलाशयाच्या मधून, हाही एक निर्णयच.

मग तुम्ही काय करायचं? परीक्षेच्या उत्तरात नाईल लिहा, आकडा तुमच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात असेल तो. तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. कुणी गप्पांत माझं मत विचारलं तर मी सांगतो, की लांबीत या दोघींमध्ये निश्चित विजेती ठरवता येत नाही, कारण दोघींमधला फरक मोजणीतल्या निर्णयांपेक्षा लहान आहे. पाण्याबद्दल मात्र शंका घ्यायला जागाच नाही. अ‍ॅमेझॉन दर सेकंदाला सरासरी दोन लाख घनमीटरहून जास्त पाणी समुद्रात ओतते, नाईलचा सरासरी प्रवाह तीन हजारांच्याही आत. तिचं खोरं सुमारे ७० लाख चौरस किमी, आपल्या देशाच्या दुपटीहून थोडं जास्त.

तक्ता करताना नदीच्या नावापुढे एक रकाना वाढवा आणि त्यात 'कुठून कुठपर्यंत' लिहा. 'मिसिसिपी, इटास्का ते मेक्सिकोचं आखात.' 'मिसिसिपी-मिसूरी-जेफरसन.' 'ओब-इर्तिश.' शक्यतो सगळे आकडे एकाच संदर्भातून घ्या, मग तो थोडा जुना असला तरी चालेल. त्यात निदान क्रम तरी एकाच मापाने लागलेला असतो. आणि चार आकडी संख्येचा शेवटचा अंक पाठ करण्यात वेळ घालवू नका. 'सुमारे ६,६५०' एवढं बास. दशांश चिन्हानंतरचे अंक देणारी यादी दिसली तर मी ती सावधपणे वाचतो, कारण नदीची लांबी इतक्या बारकाईने कुणालाच माहीत असू शकत नाही.

राहिली ब्रह्मपुत्रा. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे नावं जुळवायलाच माणसांनी आयुष्यं खर्ची घातली. तिबेटमध्ये ती यारलुंग त्सांगपो, अरुणाचलात सियांग, दिबांग आणि लोहित मिळाल्यावर आसामात ब्रह्मपुत्र (तिथे तो नद आहे, पुल्लिंगी), बांगलादेशात जमुना. तिबेटची त्सांगपो आणि आसामची ब्रह्मपुत्रा एकच आहे का, हे एकोणिसाव्या शतकातही खात्रीने माहीत नव्हतं, कारण मधल्या खोल दरीतून कुणी गेलेलं नव्हतं. सर्वेक्षण खात्याने १८८० मध्ये किंथुप नावाच्या सिक्कीममधल्या माणसाला एका लामासोबत पाठवलं. तिबेटमध्ये खुणा केलेले ओंडके पाण्यात सोडायचे आणि खाली आसामात ते येतात का पाहायचं, अशी योजना होती. लामाने वाटेत त्याला गुलाम म्हणून विकून टाकलं. किंथुप लिहिता-वाचता न येणारा माणूस, पण निसटला, एका मठात आसऱ्याला राहून काम केलं, रजा काढून काढून ओंडके तयार केले, दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेऊन खाली निरोप धाडला, आणि ठरलेल्या दिवसांत रोज पन्नास असे पाचशे ओंडके सोडले. पत्र वेळेत पोहोचलंच नाही. ज्या अधिकाऱ्याने त्याला पाठवलं होतं तो भारत सोडून गेला होता, आणि खाली कुणी पाहायलाच नव्हतं. चार वर्षांनी तो परतला तेव्हा त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायलाही लोकांनी वेळ लावला. पुढे तो बरोबर होता हे सिद्ध झालं.

जुने २,९०० किमी हे अशा तुकड्यातुकड्यांनी जमवलेल्या माहितीवर उभे आहेत. २०११ मध्ये चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी उपग्रहचित्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे उगम आंग्सी हिमनदीत धरला आणि ३,८४८ किमी जाहीर केले. नवा आकडा अधिक बारीक मोजलेला आहे. पण तुमच्या तक्त्यातल्या गंगा, गोदावरी, कृष्णा या नद्या त्या पद्धतीने मोजलेल्या नाहीत. त्यामुळे भारतीय नद्यांच्या रांगेत तुम्ही सुमारे २,९०० च ठेवा, त्यातले ९१६ किमी भारतात हेही लिहा, आणि 'कुठून कुठपर्यंत'च्या रकान्यात २०११ च्या मोजणीची एक ओळ टाका.